डाव्या फाट्यातलं पाणी

गुडघाभर

नदीत उतरताना बगळी आधी डावा पाय टाकायची. उजव्या टाचेला भेग होती आणि पहाटेचं पाणी त्या भेगेत सुईसारखं शिरायचं, म्हणून तो पाय जरा मागाहून, मनाची तयारी झाल्यावर. मग दोन्ही पाय वाळूत रुतवून ती थोडा वेळ नुसती उभी राही. बघणाऱ्याला वाटावं, बाई उभ्याउभ्या पेंगतेय. तळवे मात्र कामाला लागलेले असत. वाळू घट्ट आहे की भुसभुशीत, बसतेय की सरकतेय, कुठल्या अंगाने गार लागतंय. जिकडून गार लागेल तिकडे पाणी खोल. ती तिकडे दोन पावलं जाई, पुन्हा उभी राही, पाठीवरच्या मोळीतली एक काठी उपसून वाळूत रोवी आणि जरा कलती करी.

काठीच्या टोकाला चिंधी. चिंधी लांबून दिसावी म्हणून, आणि काठी जिकडे कललेली तिकडून होडी घालायची, एवढाच कायदा. पाणी या नदीला कमी नव्हतं, पण परातीत ओतल्यासारखं पसरट. होड्या एकाच खोडातून कोरलेल्या, अरुंद, बुडाला चपट्या. भरलेली होडीसुद्धा वीतभर पाण्यातून जायची, पण ती वीत कुठे आहे ते ठाऊक पाहिजे. ती रोज जागा बदलायची. म्हणून खुणा, आणि खुणांचं काम एकाच घराचं. दुसऱ्या कुणी काठीला हात लावायचा नाही, डोळ्यांदेखत चुकीची दिसली तरी. बदल्यात प्रत्येक होडी हंगामाला त्या घराच्या दारात काहीबाही टाकून जायची आणि चूल पेटती राहायची.

ते घर वाटाड्याचं. वाटाड्या म्हणजे बगळीचे सासरे. ती मामा म्हणायची. गुडघे गेले तेव्हा त्यांनी मोळी मुलाच्या पाठीवर दिली होती. पण मुलाचे पाय म्हणजे दोन ओंडके, खड्ड्यात गेला तरी खड्ड्याला कळायचं, याला नाही. मामांनी थोडे दिवस पाहिलं आणि मोळी सोडवून सुनेच्या पाठीवर बांधली. मुलाने मनाला लावून घेतलं नाही. तो होडी वल्हवायचा, माल आणायचा, आणि सांगत सुटायचा की आमच्या घरात पाय हिचे, डोकं माझं. लोक म्हणायचे, पाय रोज दिसतात.

बगळी हे नाव तिला लग्नाच्या दिवशीच पडलं. नवरानवरीची होडी, होड्या लागायच्या त्या उताऱ्याच्या अगदी समोर येऊन वाळूत बसली. ढकलून झालं, ओढून झालं. शेवटी नवरीला कपडे गुडघ्यापर्यंत उचलून पाण्यातून चालत यावं लागलं. काड्यांसारखे पाय, एकेक पाऊल उचलून टाकतेय, आणि काठावरच्या गर्दीतून कुणीतरी म्हणालं की वाटाड्याने सून आणली का बगळी. सगळा काठ हसला. आता केसांत पांढरं आलं होतं. नाव तेवढं तरुण राहिलं होतं.

यंदा मात्र नदीचं डोकं फिरलं होतं. वरच्या धरणाच्या दारांची दुरुस्ती चालू होती. मनाला येईल तेव्हा दार उघडत, मनाला येईल तेव्हा लावून घेत. सकाळी गुडघ्याला लागणारं पाणी दुपारी पोटरीवर, संध्याकाळी पुन्हा मांडीशी. आणि दिवस ऐन टरबुजांचे. वरच्या अंगाला नदीच्या वाळूतच वेल लावलेले, फळं होडीत भरून खाली उताऱ्याला आणायची, तिथून ट्रक. पाणी फार झालं की वेल बुडणार, फार उतरलं की होडी बसणार. सगळ्यांना हवं होतं ते मधलंच पाणी, आणि तेच तेवढं थांबत नव्हतं.


पोटरीभर

त्या दुपारी घागरची होडी बसली.

घागर हा टरबुजांचा मळेकरी. पोटावरून त्याला घागर म्हणत, आणि त्यालाही ते आवडायचं. आज मात्र तो कमरेवर हात ठेवून वाळूत उभा होता आणि होडी त्याच्यापुढे पाटावर बसल्यासारखी निवांत. ऊन असं की दोन्ही काठ वितळून हलत होते. माणसं फळं खांद्यावर घेऊन उताऱ्यापर्यंत रांगेने चालली होती आणि लांबून बघताना ती चालताहेत की तरंगताहेत ते कळत नव्हतं. तापलेली फळं आपसूक तडकत होती. एक निसटून पाण्यात पडलं, फुटलं, आणि त्याचे दोन लाल वाडगे डोलत डोलत खाली निघून गेले. त्यांना कुठेच अडायला झालं नाही.

बगळी धावत आली ती होडीकडे न जाता काठ्यांकडे गेली. काठ्या तिने रोवल्या तिथे नव्हत्या. इथून पुढे त्या डावीकडे वळल्या होत्या, एक लांब बाक घेऊन, डाव्या फाट्याकडे. त्या फाट्याच्या टोकाला जुना उतारा होता, पण फाट्यात कित्येक वर्षं वाळूच होती. तिने चिंधीची गाठ पाहिली. ती स्वतः एक वेढा देऊन गाठ मारायची. इथे दोन वेढे होते आणि टोक आत दुमडलेलं. अशी गाठ मारणारं नदीवर एकच माणूस होतं.

तिने गाठीवर मूठ धरली.

उताऱ्याचा मुकादम काठावरूनच बोलला. पाण्यात उतरून बोलणं त्याला कमीपणाचं वाटायचं. त्याच्या शेजारी ठिगळ्या उभा होता. ठिगळ्याच्या होडीला इतके तुकडे मारलेले होते की मूळची होडी कुठली ते विचारावं लागे, पण बोलणं एकसंध. वाटाड्याच्या घराचं काम आपल्याला मिळावं म्हणून तो बरेच दिवस मुकादमाच्या मागे लागला होता. त्याचं म्हणणं, लोखंडी सळया ठोकाव्यात, एकदा ठोकल्या की जन्माची कटकट मिटली.

"आणि नदी हलली की?" कुणीतरी विचारलं.

"नदी काय म्हैस आहे, उठून चालू लागायला?" ठिगळ्या म्हणाला.

मुकादमाने हसू संपू दिलं. मग विचारलं, "या खुणा कुणी रोवल्या?"

नवरा तिच्याकडे बघत होता. सकाळी होडी धरून तोच तिच्या मागे होता. काठ्या कुठे रोवल्या ते त्यानेही पाहिलं होतं.

"मी," बगळी म्हणाली.

मग मुकादम बोलत राहिला आणि ती पायांकडे बघत राहिली. बगळ्याला निदान मासा दिसतो, असं काहीतरी तो म्हणाला. ऐकून घेण्यासारखं एवढंच होतं: परवा संध्याकाळी धरणातून मोठं पाणी सुटणार, वेल बुडणार. म्हणून परवा दिवसभरात सगळ्या होड्या एकामागून एक खाली यायच्या. त्यातली एक जरी अडली, तर खुणांचं काम ठिगळ्याकडे.


घोटाभर

घरी मामा ओट्यावर पाय सोडून बसले होते. तिने तांब्या आणला आणि न विचारता त्यांचे पाय धुवायला घेतले. तळवे पांढरे, सुरकुतलेले, पाण्यात फार वेळ राहिलेले. नखांत नदीची वाळू. गुडघे सुजून टरबुजासारखे झालेले.

"मामा, कुठे गेला होता?"

"मी कुठे जाणार," मामा म्हणाले. "मला उठवतं का?"

ते खोटं बोलत नव्हते. अलीकडे दिवस त्यांच्या हातातून असेच सांडायचे. जेवण झाल्यावर जेवायचं विचारायचे. कधी घरातल्याच दाराशी पाहुण्यासारखे थबकायचे, आत येऊ का म्हणून.

नवऱ्याचं म्हणणं सरळ होतं. उद्यापासून बाहेरून कडी. परवाचा दिवस जाईपर्यंत तरी. तो चिडून बोलत नव्हता, आणि म्हणूनच तिला भीती वाटली. म्हणाला, बापाला कोंडायची हौस नाही, पण हे काम गेलं तर परवानंतर या घराला नदी नुसती बघायला उरेल. तिने कणीक मळता मळता ऐकून घेतलं. शेवटी एवढंच म्हणाली, की आधी बघू दे, ते करतात काय.


ओल

उजाडायच्या आधी, आभाळ राखेच्या रंगाचं असताना, मामा उठले. घरात भिंतीला धरून चालणारा माणूस कशालाही न धरता ओटा उतरला. ती मागे निघाली.

नदीत धुकं होतं, कमरेच्या उंचीचं. त्यात मामा पायांशिवायच चालल्यासारखे दिसत होते. पाणी इतकं उतरलं होतं की ती चालली तिथे नुसती ओल होती, पावलाभोवती वाळू क्षणभर कोरडी पडायची आणि पुन्हा काळी व्हायची. मामा फाट्यापाशी थांबले. तिने काल संध्याकाळी पुन्हा जागेवर लावलेली पहिली काठी त्यांनी उपसली, आईने झोपलेलं मूल उचलावं तशी, आणि काखेत घेतली. मग दुसरी. मग डावीकडे वळून त्या कोरड्या फाट्यात ते उभे राहिले, तळव्यांनी चाचपत, जणू पाणी मांडीला लागतंय.

तिला पाहून दचकले नाहीत. ओळखलंही नाही.

"बरं झालं आलीस," ते म्हणाले. "ही धर. हात अपुरे पडतात."

तिने काठ्या धरल्या. ते एकेक घेऊन रोवत गेले, चिंधी सोडून पुन्हा दोन वेढ्यांची गाठ मारत.

"उजवीकडे वाट आहे ना, बाबा," ती म्हणाली. मामा म्हणायचं तिच्या तोंडून राहून गेलं.

"उजवीकडे काल होती. रात्रीत पाणी उतरलं. उजवीकडून घातली तर ऐन उताऱ्यासमोर बसेल होडी." त्यांनी काठी कलती केली, लांबून पाहिलं, आणखी कलती केली. "आज आमची सून यायची आहे. सगळा काठ बघायला येणार. वाटाड्याच्या सुनेने पाण्यातून चालत यायचं म्हणजे


काहीच नाही

मला तोंड दाखवायला जागा उरेल का?" ते म्हणाले.

धुकं विरत होतं. कुठेच पाणी नव्हतं. तिच्या हातात तीन काठ्या राहिल्या होत्या आणि ती त्या एकेक करून त्यांना देत गेली.


पुन्हा ओल

त्या संध्याकाळी तिने नवऱ्याला सांगितलं. तो होडीच्या बुडाला तेल चोळत होता. हात चालू ठेवूनच त्याने ऐकलं, मग हात थांबला.

"म्हणजे त्यांना ते इतकं लागलं होतं," तो म्हणाला.

मग तो, होडीशी बोलावं तसं, म्हणाला की त्या दिवशी त्याच्या पायात नवे बूट होते. "तू उतरून चालत गेलीस. मी बसूनच राहिलो. बूट भिजतील म्हणून."

तिला हे आठवत होतं. ती कधी बोलली नव्हती, एवढंच.

तिने आपलं म्हणणं सांगितलं. मामांच्या काठ्यांना हात लावायचा नाही. त्यांना त्यांची वेगळी मोळी देऊ, डावा फाटा त्यांचा. उजवीकडच्या खऱ्या खुणा आपल्या. नवरा म्हणाला, आणि होडीवाल्यांनी काय ओळखायचं? काठी दिसली की तिकडे घालतात ते, आंधळ्यासारखे. वाट बंद आहे असं सांगणारी खूण त्यांच्या कामात नव्हतीच; जिथे वाट नाही तिथे काठी नाही, एवढंच पिढ्यान्‌पिढ्या पुरलं होतं.

"फाट्यावर मी उभी राहते," बगळी म्हणाली.

"दिवसभर?"

"मला सवय आहे."

"एक होडी चुकली तर संपलं."

"हो," ती म्हणाली.

नवऱ्याने फडकं उचललं आणि पुन्हा तेल चोळायला लागला. कडीचं नाव त्याने काढलं नाही.


घोटाभर

परवा म्हणता म्हणता आज झाला. पहाटे सासरा-सून बरोबरच नदीत उतरले, दोघांच्या पाठीवर मोळ्या. मामांनी विचारलं, तू कुठल्या घरची? ती म्हणाली, इथलीच. त्यांना ते पुरलं. त्यांनी डावा फाटा रोवला, तिने उजवा. दोन रांगा एकाच ठिकाणाहून फुटल्या होत्या, आणि चिंध्या वाऱ्यावर सारख्याच उडत होत्या. काम झाल्यावर तिने त्यांना जुन्या उताऱ्याच्या दगडावर नेऊन बसवलं, डाव्या फाट्याच्या टोकाला. त्यांनी धुतलेला सदरा मागितला. तो तिने आधीच आणला होता.

मग ती फाट्यावर येऊन उभी राहिली. एक हात उजवीकडे धरून, किंचित कललेली.


पोटरीभर

पहिली होडी आली ती घागरचीच. त्याने दोन रांगा पाहिल्या, बांबू पाण्यात रोवून होडी थोपवली आणि आधी बगळीकडे, मग तिच्या हाताकडे पाहिलं.

"तूच खूण झालीस की काय?"

"उजवीकडून घाला."

"चिंधी बांधू का डोक्याला?" तो म्हणाला, पण उजवीकडून गेला. होडीचं बूड एकदा वाळूला घासलं, लांब खाकरल्यासारखं, आणि सुटलं.

मग एकामागून एक येत राहिल्या. हिरव्या फळांचे ढीग पाण्याला टेकलेले, मागे उभा माणूस, बांबू वर, बांबू खाली. कुणी हसलं, कुणी नुसतं बघून गेलं. एकाने तिच्यासमोर येऊन बगळ्यासारखा पाय उचलून दाखवला आणि स्वतःच होडीतून पडता पडता वाचला. हात भरून आला की ती बदलून दुसऱ्या अंगाने उभी राही. ऊन डोक्यावर आलं. टाचेची भेग आधी चुरचुरली, मग ठणकली, मग ती टाच तिची राहिलीच नाही. नदी वाहते आहे की ती स्वतःच मागे मागे सरकते आहे, हे तिला ठरवता येईना. डोळे मिटले तरी होड्या दिसत, उघडले तरी. मध्येच तिला वाटलं, आपण इथे लग्नाच्या दिवसापासूनच उभ्या आहोत, अजून पोचलोच नाही.

मुकादम आज वाळूपर्यंत आला. त्याने डाव्या रांगेकडे बोट केलं आणि हे काय सोंग, विचारलं.

"ती आमच्या घरची वाट आहे," ती म्हणाली. "तिकडे दुसऱ्या कुणी जायचं नाही."

मुकादमाने डावीकडे टोकापर्यंत पाहिलं. दगडावर एक म्हातारा पांढऱ्या सदऱ्यात ताठ बसलेला. मुकादम त्या लग्नालाही काठावर होता. हसणाऱ्यांत होता की नाही हे आता त्यालाच माहीत. ठिगळ्याची होडी मागून येत होती. ती फाट्यापाशी आली, आणि ठिगळ्याने अगदी मुद्दाम नाक डावीकडे वळवलं.

"खूण आहे ना इथे," तो म्हणाला. "मी खुणेने चाललोय. बसली तर माझा काय दोष?"

बगळी हात तसाच ठेवून त्याच्या होडीसमोर आली. होडीचं टोक तिच्या मांडीला टेकलं. ती हलली नाही. फळांनी भरलेली होडी रेटा देत होती आणि तिचे तळवे वाळूत खोल खोल जात होते.

"ठिगळ्या," मुकादम वाळूवरून म्हणाला, "उजवीकडून."


गुडघाभर

ठिगळ्या उजवीकडून गेला. त्याच्यामागून राहिलेल्या गेल्या. शेवटी नवऱ्याची होडी, मळेकऱ्यांची उरलीसुरली फळं घेऊन. तीही गेली. उताऱ्यावर ट्रकांचे फाळके आपटल्याचे आवाज आले.

एकही अडली नव्हती. मुकादमाने जाता जाता, तिच्याकडे न बघता, पाणी ओसरल्यावर खुणा लावायला कधी येशील ते विचारलं. ती म्हणाली, ओसरलं की लगेच.


मांडीभर

पाणी आलं ते आवाज न करता. आधी रंग बदलला. मग काठ्यांच्या चिंध्या थरथरल्या. डाव्या फाट्याच्या वाळूवरून एक चकचकीत जीभ पुढे सरकली, थांबली, पुन्हा सरकली. सूर्य खाली आला होता आणि सगळा फाटा तांब्याचा झाला.

तिला निघायला हवं होतं. पण पाय वाळूतून निघेनात.


कमरेभर

नवरा रिकामी होडी घेऊन तिच्यासाठी परत आला. तिला दोन्ही काखांत धरून त्याने आत ओढलं, ओल्या पोत्यासारखं. ती पुढच्या टोकाला बसली. त्याने होडी घराकडे, उजवीकडे वळवायला बांबू टेकवला आणि तसाच थांबला.

डावीकडे वाळू राहिली नव्हती. पाणी होतं, आणि त्या पाण्यात चिंध्यांची एक लांब वळणदार रांग, प्रत्येक काठी नीट कललेली. दूर दगडावर पांढरा सदरा उभा राहिला होता.

नवऱ्याने बांबू दुसऱ्या अंगाला टाकला.

त्या वाटेने कित्येक वर्षांत होडी गेली नव्हती. पाण्याचा आवाज बंद झाला, निदान तिला ऐकू येईना. काठ्या एकामागून एक जवळ आल्या, बाजूने गेल्या. तिने डोक्याचं फडकं सोडलं, पिळलं, नीट बांधलं. केस आत खोचले. हे करताना तिला नवऱ्याने पाहिलं, आणि तिने पाहिलं की त्याने पाहिलं.

शेवटच्या काठीपाशी होडी घासली. खाकरली, पुढे गेली, आणि बसली. जुन्या उताऱ्याच्या अगदी समोर. दगडावरच्या म्हाताऱ्याचे दोन्ही हात छातीशी गेले.

ती उतरायला उठली.

"बस," नवरा म्हणाला.

तो पाण्यात उतरला. मागून खांदा लावून त्याने होडी रेटली, ओंडक्यासारखे पाय वाळूत रोवून, तोंड लाल करून. होडी हलली. वीतभर. आणखी वीतभर. मग दगडाला टेकली.

मामांनी हात पुढे केला. तिने तो धरला आणि कोरड्या दगडावर पाऊल ठेवलं. कमरेपासून खाली तिच्या अंगावरून पाणी निथळत होतं. त्यांनी ते पाहिलं नाही. ते तिच्या तोंडाकडे बघत होते.

"ये पोरी," ते म्हणाले. "पाय ओले झाले नाहीत ना?"

"नाही मामा. कोरडे आहेत."

त्यांनी मान हलवली. मग तिच्या खांद्यावरून मुलाकडे पाहिलं. तो मांडीभर पाण्यात होडी धरून उभा होता, धापा टाकत.

"याचे भिजले," मामा म्हणाले. थोडा विचार केला. "याचे भिजले तर चालतं."